जस्तावरच्या खुणा

कुणाच्याही घरी पाण्याचा तांब्या पुढे आला की मी तो उजेडाकडे जरा तिरका धरते. काठाच्या खाली नाव घातलेलं असतं. बारीक ठिपक्यांची अक्षरं, कधी वळणदार, कधी घाईची. कुणाच्या मुंजीची तारीख, कुणाच्या वास्तुशांतीची सप्रेम भेट, कुणा गेलेल्या माणसाचं स्मरण. वर्षानुवर्षं राखेनं, चिंचेनं, मग पावडरीनं घासून ती बुजत आलेली असतात. पण उजेड बाजूनं पडला की एकेक ठिपका पुन्हा दिसू लागतो. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घालणारा माणूस मी लहानपणी तासन्‌तास पाहिला आहे. आधी त्याच्या हातात छोटी छिन्नी आणि हातोडी असायची, पुढे विजेवर थरथरणारी सुई आली. आजी त्याच्यासमोर भांडं ठेवायची आणि नाव पुरं होईपर्यंत तिथून हलायची नाही. धातूवर उठलेली खूण सहजी जात नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मलाही ते तेव्हाच कळलं असणार. त्या समजुतीचं चित्रकलेशी काही नातं आहे, हे मात्र बडोद्याला जाईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी कोल्हापूरची. आमच्या गावात चित्रकला शिकायची म्हणजे आधी हात तयार करायचा. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, पुढे कलाशाळेत स्थिरचित्र, व्यक्तिचित्र, आणि सुट्टीच्या सकाळी बोर्ड काखेत मारून रंकाळा. चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली गेले, पण रंकाळ्याच्या काठावर कागद ओला करून बसलेल्या प्रत्येक पोराच्या मनात ते असतातच. आभाळाचा एक हात मारायचा, तो वाळायच्या आत दुसरा सोडायचा, पाण्यातलं प्रतिबिंब एका फटकाऱ्यात बसवायचं, ही आमची विद्या. व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकाला गर्दी जमायची. एखादा जुना चित्रकार समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कपाळावर उजेडाचा शेवटचा ठिपका ठेवायचा आणि मागे उभी असलेली माणसं एकदम श्वास सोडायची. त्या श्वासासाठी आम्ही शिकत होतो. मला आजही त्यात काही उणं वाटत नाही. माणसाच्या चेहऱ्याकडे इतकं मन लावून पाहणं ही आदराचीच एक रीत आहे.

तो हात घेऊन मी बडोद्याला गेले, मुद्राचित्रणाच्या पदव्युत्तर अभ्यासाला. सगळे त्या विभागाला ग्राफिक्सच म्हणत. मराठी माणसाला बडोदं परकं वाटत नाही. दांडिया बाजारात एका काकूंकडे मला खोली मिळाली. त्यांचं मराठी गायकवाडी काळापासून तिथे मुरलेलं, बोलता बोलता हळूच गुजरातीकडे झुकणारं. सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात १९५० साली ललित कला शाखा सुरू झाली. तिला नुसतं ‘फॅकल्टी’ म्हटलं की बडोद्यातल्या चित्रकारांना पुरतं. नारायण श्रीधर बेंद्रे तिथे चित्रकला शिकवत, शंखो चौधरी शिल्पकला, आणि शांतिनिकेतनात घडलेले के. जी. सुब्रमण्यन तिथे शिक्षक होऊन आले. शिक्षकाने शिकवताना स्वतःचंही काम करत राहायचं, आणि विद्यार्थ्याने ते जवळून पाहायचं, ही तिथली जुनी वहिवाट.

पदव्युत्तर स्टुडिओत वेळापत्रक जवळपास नसतंच. एक टेबल, भिंतीचा एक तुकडा, आणि दोन वर्षं. आज काय काढायचं हे कुणी सांगत नाही. कोल्हापुरात विषय समोर मांडलेला असायचा: तांब्या, दोन वांगी, मागे सोडलेलं कापड. इथे टेबलावर काहीच नव्हतं. ती मोकळीक अंगावर यायची. सकाळी लवकर जाऊन मी आधी टेबल पुसायची, मग अवजारं लावायची, मग खिडकीतून बाहेर बघत बसायची. शेजारच्या टेबलावर केरळची एक मुलगी लाकडाच्या ठोकळ्यावर काम करायची. तिचंही तसंच चाललेलं असायचं. आम्ही एकमेकींना काही विचारत नसू. कॅन्टीनमध्ये चहा प्यायचो आणि परत येऊन आपापल्या रिकाम्या जागेपुढे बसायचो.

त्या दिवसांत मला तारलं ते इचिंगच्या कामानं. इचिंगमध्ये हाताला विचारापेक्षा जास्त काम असतं. जस्ताची प्लेट घ्यायची, कडा कानशीनं उतरत्या करायच्या, नाहीतर प्रेसचं घोंगडं आणि कागद दोन्ही फाटतात. प्लेट खडूच्या भुकटीनं घासून इतकी स्वच्छ करायची की पाणी तिच्यावर सलग पसरलं पाहिजे. मग मेण, राळ आणि डांबराचं ग्राउंड. ते वाळलं की सुईनं रेघ ओढायची. सुई धातू कापत नाही, फक्त वरचा थर दूर करते. खरं कापण्याचं काम आम्लाचं. आधी पाणी, मग त्यात आम्ल, हा क्रम तिथल्या जुन्या मदतनीसानं पहिल्याच दिवशी आमच्याकडून पाठ करून घेतला. प्लेट नायट्रिकमध्ये उतरली की रेघेरेघेवर बुडबुडे धरतात, आणि पक्ष्याच्या पिसानं ते हलके बाजूला सारावे लागतात. या सगळ्यात घाई चालत नाही. आम्ल आपल्या वेळेनं चावतं. तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं आणि कधी काढायचं ते ठरवायचं.

काळोख हवा असेल तर अॅक्वाटिंट. राळेची बारीक भुकटी प्लेटवर बसू द्यायची, खालून ऊब देऊन ती चिकटवायची, आणि प्लेट पुन्हा पुन्हा आम्लात सोडायची. दर खेपेला जो भाग उजळ राहायला हवा तो वॉर्निशनं झाकत जायचा. म्हणजे सगळ्यात फिकट रंग सगळ्यात आधी ठरतो आणि गडद सगळ्यात शेवटी. आभाळ आधी, सावल्या मागाहून. जलरंगात माझा हात याच वाटेनं जायचा, हे मला फार पुढे जाणवलं. मग शाई भरायची, जाळीच्या कापडानं पुसायची, शेवटी तळहातानं. ओला कागद ठेवून प्रेसचं चाक फिरवायचं. आणि कागदाचा कोपरा उचलताना, जे उलटं कोरलं ते सुलटं होऊन समोर येतं.

समोर येतं ते चित्र बहुधा शेवटचं नसतं. त्याला प्रूफ म्हणतात. ते बघून प्लेट परत टेबलावर येते, काही रेघा वाढतात, काही भाग घासला जातो, पुन्हा प्रूफ. प्लेटच्या अशा एकेका टप्प्याला मुद्राचित्रणात स्टेट म्हणतात: पहिली स्टेट, दुसरी स्टेट. बाकीच्या कलांमध्ये चित्राचा भूतकाळ चित्रातच बुडून जातो. कॅनव्हासवर काल काय होतं ते आज दिसत नाही. इचिंगमध्ये मात्र कालचा कागद टाचणीनं भिंतीवर लावता येतो. दोन वर्षांत माझी भिंत अशा कागदांनी भरली. कुणाला आपण कसे वाढलो हे पाहायचं असेल, तर इतकी स्वच्छ नोंद ठेवणारं माध्यम मला दुसरं ठाऊक नाही.

ग्रंथालयात मी रेम्ब्राँटच्या ‘तीन क्रूस’ या चित्राच्या प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवून बघत बसायची. १६५३ सालचं हे काम. पहिल्या स्टेटमध्ये क्रुसांभोवती माणसांची दाटी आहे आणि वरून उजेडाचा लोट कोसळतो आहे. चौथ्या स्टेटला येईपर्यंत त्याने तीच तांब्याची प्लेट घेऊन कितीतरी माणसं खरवडून काढली, वरून दाट काळ्या रेषा ओढल्या, आणि सगळा प्रसंग अंधारात लोटला. पण निरखून पाहिलं तर गेलेल्या माणसांचे माग त्या अंधारात शिल्लक आहेत. तांब्यानं त्यांना पुरतं सोडलेलं नाही. पिकासोनं १९४५च्या डिसेंबरात पॅरिसमधल्या मुर्लोच्या छापखान्यात दगडावर एक बैल काढायला घेतला आणि जानेवारीपर्यंत त्याच्या ११ स्टेट केल्या. आधी अंगानं भरलेला बैल, मग आणखी जड, मग आतून खंड पाडलेला, आणि शेवटी मोजक्या रेघा. शेवटचा बैल एकटा पाहिला तर सोपा वाटतो. आधीचे सगळे बैल त्याच्या मागे उभे आहेत हे कळलं की त्या चार रेघांचं वजन कळतं.

पहिल्या वर्षी मी रंकाळाच कोरला. संध्यामठ, पायऱ्या, पाण्यावरचा उतरता उजेड. प्लेट चांगली उतरली होती. क्रिटच्या, म्हणजे कामावरच्या चर्चेच्या वेळी सगळे तिच्याभोवती उभे राहिले. आमच्या शिक्षकांनी प्रिंट हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, “पाणी सुरेख आहे. तुला पाणीच का काढावंसं वाटलं?” त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. गावाकडे हा प्रश्न कुणी विचारला नसता, कारण तिथे पाणी समोर होतं आणि एवढं कारण पुरेसं होतं. तो प्रश्न घेऊन मी कमाटीबागेतून, विश्वामित्रीच्या पुलावरून फिरत राहिले.

पुलापासून जवळच कीर्तिमंदिर आहे. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, कुरुक्षेत्र. गायकवाडांच्या पूर्वजांच्या स्मरणासाठी बांधलेल्या या जागेत मी बरेचदा जाऊन बसायची. तिथे मला नंदलालबाबूंच्या कौशल्यापेक्षा त्यांचा संथपणा भिडायचा. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाताना माणूस वर्षांनी मोठा झालेला असतो, आणि भिंती ते लपवत नाहीत. फॅकल्टीत ज्योती भट्ट यांची छायाचित्रंही पाहायला मिळायची. स्वतः मुद्राचित्रकार असलेल्या या माणसानं गुजरातच्या आणि देशाच्या इतर भागांतल्या खेड्यांमध्ये फिरून बायकांनी भिंतींवर काढलेली चित्रं, रांगोळ्या, अंगावरचं गोंदण टिपून ठेवलं. ज्या हातांना कुणी चित्रकार म्हणालं नाही, त्यांच्या खुणांपुढे एक शिकलेला चित्रकार इतका नम्र होऊन उभा राहतो, हे पाहून माझ्यात काहीतरी सैल झालं. माझ्या घरात अशा खुणा कुठे आहेत, असं मी मनाशी विचारू लागले.

दिवाळीच्या सुट्टीत आजीचं कपाट आवरताना ते हाती लागलं. पितळी ताट होतं, तिच्या माहेरचं. मागच्या बाजूला तिचं लग्नाआधीचं नाव. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या भांड्यांवर तिचं दुसरं नाव, आमच्या घरात आल्यावर ठेवलेलं. एकाच मांडणीवर एका बाईची दोन नावं इतकी वर्षं शेजारी होती आणि आम्ही त्यांतल्या एकाच नावानं तिला ओळखत होतो. आजी तेव्हा हयात नव्हती. तिला पहिल्या नावानं हाक मारणारंही कुणी उरलेलं नव्हतं. ताट मी बडोद्याला नेलं. काठामुळे ते प्रेसमधून जाण्यासारखं नव्हतं. मी मागच्या अक्षरांत शाई भरली, पुसली, वर ओला कागद ठेवला आणि अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत गेले. कागद उचलला तेव्हा नाव उलटं उमटलं होतं, आरशात धरल्याशिवाय वाचता न येणारं. ते तसंच असायला हवं होतं, असं मला त्या क्षणी आतून पटलं.

पुढच्या कामाला मला प्लेट हवी होती. जस्त स्वस्त नसतं, आणि विद्यार्थी जुन्याच प्लेट खरवडून पुन्हा वापरतात. माझ्याजवळ रंकाळ्याची प्लेट होती. स्क्रेपरनं तो धातू उतरवायला घेतला, मग बर्निशर तेल लावून फिरवत राहिले. मनगट भरून यायचं. पायऱ्या गेल्या, मठ गेला. खोल चावलेलं पाणी मात्र पुरतं गेलं नाही. शाई लावली की एक करडा, आडवा थरार उरायचा. मी तो ठेवला. त्याच्यावर, नाव घालणाऱ्याच्या रीतीनं, ठिपका ठिपका ठोकून आजीचं पहिलं नाव घातलं. प्लेटवर सुलटं, म्हणजे कागदावर उलटं यावं म्हणून. मग दुसरं नाव, पहिल्यावरून अर्धं जाणारं. मग मावशीचं, आईचं, ज्यांची ज्यांची दोन नावं होती त्यांची. स्टेट वाढत गेल्या. अक्षरं एकमेकांत मिसळून कुठे दाट झाली, कुठे विरळ.

त्या वर्षी मला दोन माणसांची कामं सतत सोबत करत होती. सोमनाथ होर यांनी १९७०च्या दशकात ‘जखमा’ या मालिकेत शाई वापरलीच नाही. मातीच्या पाटीला कापून, खुपसून, तिचा साचा घेऊन त्यात पांढऱ्या कागदाचा लगदा बसवला. पांढऱ्यावर पांढरं, जखम फक्त उजेडाच्या कोनातून कळते. आणि नसरीन मोहमदी, ज्यांनी १९७२पासून त्याच फॅकल्टीत शिकवलं आणि ज्यांचं १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला निधन झालं. त्यांच्या शाईच्या बारीक सरळ रेघा पाहताना असं वाटतं की हे सारं नको ते काढून टाकल्यावर उरलेलं आहे. एकाकडून मी खूण करायला शिकले, दुसरीकडून सोडून द्यायला. दोघांपैकी कुणालाही मी कधी पाहिलेलं नाही. कलेत गुरू असेही भेटतात.

शेवटच्या वर्षाचा डिस्प्ले उन्हाळ्यात असतो. भिंतींना चुना लागतो, टेबलं हलतात, स्टुडिओतला केरोसीनचा वास काही दिवस मागे सरतो. मी सगळ्या स्टेट ओळीनं लावल्या आणि शेवटी त्या प्लेटची अखेरची प्रिंटं. शेजारच्या टेबलावरची केरळची मैत्रीण त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होती. तिला देवनागरी सुलटी वाचतानाही अडखळायला व्हायचं. उलटी तर केवळ ठिपके. ती म्हणाली, “हा पाऊस आहे ना? तळ्यावर पडणारा?” मी तिला नावांचं काही सांगितलं नाही. तिनं जे पाहिलं ते तिथे होतंच. खरवडलेल्या रंकाळ्याचं पाणी खालून वर आलं होतं, आणि माझ्या घरातल्या बायका त्याच्यावर पडत होत्या. शिक्षकांचा पहिल्या वर्षीचा प्रश्न मला तेव्हा आठवला. पाणी का काढावंसं वाटलं, याचं उत्तर मला अजूनही शब्दांत देता येणार नाही. पण हाताला ते आधीपासून माहीत असावं.

बडोद्याला जाताना माझी समजूत होती की कोल्हापूर मागे टाकावं लागेल. आधुनिक व्हायचं तर तो तयार हात विसरावा लागेल. तसं सांगणारेही भेटले. पण धातूनं मला वेगळंच शिकवलं. मागचं खरवडलं की ते खाली जातं, आणि खाली गेलेलंच वरच्या रंगाला खोली देतं. नव्याकोऱ्या जस्तावर मी ती नावं घातली असती तर ती नुसती नावं राहिली असती. माणसाच्या वाढीचंही असंच असेल का, याचा मी पुष्कळ विचार करते. बालपणीची सवय, गावाची बोली, पहिल्या गुरूनं धरवलेली पेन्सिल, यांतलं काहीच आपण टाकत नाही. त्यांच्यावरून काम करत जातो. कधी ते वर डोकावतं, कधी तिसऱ्याच माणसाला दिसतं.

आता माझ्याकडे काही मुलं इचिंग शिकायला येतात. कुणी सांगलीची, कुणी सिंधुदुर्गातली, हात तयार करून आलेली. मी त्यांना एकच आग्रह धरते: एकही प्रूफ फाडायचं नाही. वाईट वाटलं तरी तारीख घालून ठेवायचं. परवा एकीनं तिच्या प्लेटच्या सगळ्या स्टेट जमिनीवर मांडल्या आणि मला विचारलं की एडिशन, म्हणजे छापायच्या पक्क्या प्रती, कोणत्या स्टेटची काढू. शेवटची सर्वांत पूर्ण होती. मधली एक थोडी कच्ची, पण तिच्यात काहीतरी धडधडत होतं. मी तिला उत्तर दिलं नाही, कारण ते तिनंच ठरवायचं आहे. शिवाय अॅक्वाटिंट फार छापली की झिजते, आणि प्लेट पुढच्या स्टेटला गेली की मागची पुन्हा छापता येत नाही. म्हणजे निवडण्यात काहीतरी गमावणं आलंच. ती अजून ठरवते आहे. माझ्या स्वतःच्या टेबलावरही एक प्लेट आहे, तिच्या किती स्टेट होतील हे मला माहीत नाही, आणि उद्या सकाळी तिच्यावर कुठून सुरुवात करायची तेही.